घरात बारमाही केळी, हंगामाला पपई-सीताफळ-बोरं: कोणी, किती आणि किती पिकलेलं खावं?

तापीकाठ (यावल) : प्रश्न

राम राम मंडळी. आमच्या यावल-रावेर पट्ट्यात केळीला तोटा नाही, बारा महिने घरात फणी असतेच. शहाद्याकडची पपई, दिवाळीच्या आगेमागे सीताफळ, संक्रांतीच्या सुमारास मेहरूणची बोरं आणि पेरू, हेही येतात. फळं भरपूर, पण कोणाच्या पोटात किती जावीत याचा हिशेब कोणालाच नाही आणि जो तो वेगळं सांगतो. म्हणून जाणकारांना विचारतो.

आईचं वय ६४, शुगर आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. डॉक्टर म्हणाले, फळं माफक खा. माफक म्हणजे किती? केळं पूर्ण बंद करायचं का? मुलगी १४ वर्षांची, हिमोग्लोबिन ९.८ आलंय. शेजारपाजारचे म्हणतात रोज दोन केळी द्या, रक्त वाढतं. वहिनीला पाचवा महिना आहे, तिच्यासमोर पपईचं नाव काढलं तरी घरातल्या बायका ओरडतात.

शिवाय एप्रिल-मेमध्ये घरी पिकत घातलेली केळी आतून लिबलिबीत होतात आणि साल हिरवीच राहते. ती खाल्लेली चालतात का? बाजारातली कार्बाइडची केळी ओळखायची कशी? आणि कच्च्या केळ्याचं पीठ शुगरला चांगलं म्हणतात, ते घरी करता येत असेल तर प्रमाणासकट सांगा.

आहार_धुळे : उत्तर

भाऊ, आईंपासून सुरू करते.

आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात १०० ग्रॅम ताजं फळ धरलंय. शुगर असलेल्या माणसालाही एवढं फळ सहसा चालतं, फक्त त्याचा हिशेब ताटातच मांडायचा, ताटाच्या वर नाही. ग्रँड नैन जातीचं मध्यम केळं सालीसकट १५० ग्रॅमच्या आसपास भरतं, सोलून ९० ते १००. त्यात कर्बोदकं २२-२३ ग्रॅम, उष्मांक सुमारे ९०, तंतू अडीच ग्रॅम. ज्वारीच्या अर्ध्या भाकरीत साधारण तेवढीच कर्बोदकं असतात. म्हणजे केळं खायचं तर त्या वेळच्या जेवणातली अर्धी भाकरी कमी. पोटभर जेवून वर केळं खाल्लं तर ते शुगरच्या आकड्यात दिसणारच.

केळं किती पिकलंय यानं मोठा फरक पडतो. हिरव्या केळ्याच्या गरात वजनाच्या सुमारे २० टक्के स्टार्च असतो आणि साखर एक-दोन टक्के. साल पूर्ण पिवळी होऊन काळे ठिपके पडेपर्यंत हे गणित उलटं होतं: स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येतो आणि बाकी सगळी साखर झालेली असते. एकूण कर्बोदकं तेवढीच, पण रक्तात चढायचा वेग वेगळा. म्हणून आईंना टोकाला आणि दांड्याला हिरवट झाक असलेलं, गर घट्ट असलेलं केळं द्या. सुरुवातीला अर्धंच, सकाळी अकराला किंवा दुपारी चारला, सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे. साखर घातलेलं शिकरण नको.

घरात ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी आणि खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी तपासा. तीन-चार वेगवेगळ्या दिवशी असं केलं की त्यांच्या शरीराला अर्धं चालतं की एक, हे समोर येईल. माझ्या आकड्यांपेक्षा तो आकडा जास्त खरा.

टेल्मिसार्टनचं मात्र लक्षात ठेवा. ही गोळी शरीरातलं पोटॅशियम थोडं धरून ठेवते. बीपीचीच रामिप्रिलही तसंच आणि स्पायरोनोलॅक्टोन तर त्याहून जास्त. १०० ग्रॅम केळ्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. किडनी चांगली असेल तर रोज एका केळ्यानं काही बिघडत नाही. पण क्रिएटिनीन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर केळं, नारळपाणी, चिंचेचं सार, टोमॅटो या सगळ्यांची बेरीज होते आणि मग डॉक्टरांना विचारूनच ठरवावं लागतं. शेवटचा क्रिएटिनीन आणि पोटॅशियमचा रिपोर्ट कधीचा आहे ते पाहा.

आणखी एक, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. शुगर अचानक कमी होऊन घाम, थरथर सुरू झाली तर केळं देऊ नका. ते हळू चढतं. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ दवाखाना.

आता मुलीचं. केळ्यानं रक्त वाढतं हा समज खान्देशात फार घट्ट आहे, पण १०० ग्रॅम केळ्यात लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. १३ ते १५ वयाच्या मुलीची रोजची गरज आहे सुमारे ३० मिलिग्रॅम. केळ्यावर भागवायचं तर रोज दहा किलो केळी लागतील. ९.८ हिमोग्लोबिन म्हणजे लोहाची गोळी आणि जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं हवंच, नुसत्या फळांवर ठेवू नका. फळाचं काम वेगळं आहे: भाकरीतलं लोह रक्तात पोचवणं.

बाजरीत १०० ग्रॅम पिठाला सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असतं. एका भाकरीत चार धरा. पण बाजरीतलं फायटेट नावाचं द्रव्य ते आतड्यात अडवून ठेवतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ही अडवणूक बरीच सुटते. त्यासाठी जेवणात ५० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व हवं. आपण भाजीवर लिंबू पिळतो, पण एका कागदी लिंबाच्या रसातून मिळतं आठ-दहा मिलिग्रॅम. पेरूत मात्र १०० ग्रॅमला २०० च्या आसपास असतं, म्हणजे पेरूची चौथाई फोडसुद्धा पुरते. सालीसकट खायचा, कारण सालीलगतच्या भागात ते सगळ्यात जास्त. बोरांमध्ये पेरूपेक्षा कमी, तरी सात-आठ बोरं उपयोगाची. बाजरीचे दिवस आणि पेरू-बोरांचे दिवस एकच आहेत, त्याचा फायदा घ्या: बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि ताटातच पेरूची फोड. दुपारी चारला खाल्लेला पेरू चांगलाच, पण दुपारच्या भाकरीतल्या लोहाला त्याचा उपयोग नाही.

जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा नको, किमान एक तास जाऊ द्या. लोहाची गोळी दूध किंवा शिकरणाबरोबर देऊ नका, दुधातलं कॅल्शियम तिला आडवं येतं.

शहादा_पपई : उत्तर

वहिनींच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. पपई पुरी पिकेल शे का नही, ते पहिले देखा. सगळं त्यावरच आहे.

कच्च्या पपईच्या सालीत पांढरा चीक असतो आणि त्यात पपेन आणि त्याच्या जातीची विकरं (प्रथिनं मोडणारी द्रव्यं). प्राण्यांवरच्या प्रयोगांत या चिकानं गर्भाशय आकुंचन पावताना दिसलंय. म्हणून गरोदरपणात कच्ची आणि अर्धपिकी पपई पूर्ण टाळायची. कोशिंबीर, लोणचं, मांस मऊ करायला लावलेली कच्ची पपई, सगळंच. बियाही नकोत. फळ पिकत जातं तसा चीक कमी होत जातो आणि पूर्ण पिकलेल्या फळात तो जवळजवळ नसतोच. अशी पपई एक वाटी, म्हणजे दीडशे ग्रॅमपर्यंत, बहुतेक डॉक्टर चालू देतात. तिच्यात फोलेट आहे, क जीवनसत्त्व १०० ग्रॅमला ५०-६० मिलिग्रॅम आहे, बद्धकोष्ठाला आराम पडतो. तरी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा. हातमोज्याच्या रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर पपई जपूनच खावी, कारण त्यांच्या शरीराला पपईसुद्धा खटकू शकते.

पूर्ण पिकलेली कशी ओळखायची? आपल्याकडे शेतातून पपई तोडतात ती एक-दोन पिवळ्या पट्ट्या दिसल्या की, नाहीतर गाडीत टिकत नाही. म्हणजे बाजारात आलेली बरीचशी पपई अर्धपिकीच असते. घरी आणून कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवा. तीन गोष्टी पाहा. सालीवर हिरवा भाग उरलेला नको, विशेषतः दांड्याजवळ. अंगठ्यानं हलकं दाबलं की सगळीकडे सारखी दबली पाहिजे. आणि नखानं सालीवर बारीक ओरखडा काढला तर पांढरा दुधाळ थेंब येता कामा नये. थेंब आला तर अजून दोन दिवस थांबा. पट्टी पडायच्या आधी तोडलेलं फळ नुसतं मऊ पडतं, त्यात गोडी येत नाही. असं फळ वहिनींना देऊच नका.

लाल गराची रेड लेडी जात म्हणजे जास्त अ जीवनसत्त्व असं लोक समजतात. तो लाल रंग लायकोपीनचा आहे. लायकोपीन चांगलंच, पण त्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होत नाही. ते होतं नारिंगी-पिवळ्या रंगाच्या कॅरोटीनपासून. लाल पपईतही ते असतं, पिवळ्या गराच्या देशी पपईतही असतं, म्हणून देशी पपईला कमी लेखू नका. कॅरोटीन स्निग्धाबरोबर शोषलं जातं, त्यामुळे पपई रिकाम्या पोटी खाण्यापेक्षा जेवणाला जोडून किंवा थोड्या दाण्यांबरोबर खाल्लेली बरी.

आणि पपईचं म्हणून टूटीफ्रूटी मुलांना देऊ नका. कच्च्या पपईचे तुकडे उकळून साखरेच्या पाकात मुरवलेले असतात, त्यात राहते ती साखर आणि रंग.

सावदा_रायपनिंग : उत्तर

आतून मऊ, वरून हिरवी, याचं कारण उष्णता आहे. केळं खराब नसतं.

ग्रँड नैन काय, बसराई काय, श्रीमंती काय, या कॅव्हेंडिश गटातल्या जाती २४ अंशांच्या वर पिकवल्या तर गर पिकतो, पण सालीतलं हरितद्रव्य नीट मोडत नाही. मेमध्ये आपल्याकडे बाहेर ४३-४५, घरात ३५ च्या वर. अशा हवेत पिवळी साल होणारच नाही. ती केळी खायला सुरक्षित आहेत. गर घट्टसर असेल आणि आंबूस वास नसेल तर बिनधास्त खा. फक्त हिरवी दिसते म्हणून कमी पिकलेली आहे असं समजून शुगरवाल्या माणसाला देऊ नका. आतली साखर तयार झालेली असते. उन्हाळ्यात सालीच्या रंगावर जायचं नाही, दाबून आणि चाखून ठरवायचं.

रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोलीत, गराचं तापमान १६ ते १८ अंश ठेवतात, आर्द्रता ९० ते ९५ टक्के, इथिलीन (फळ पिकवणारा वायू) १०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग हवेत शंभर भाग, २४ तास बंद. नंतर दार उघडून हवा बदलतात, कारण केळी स्वतः कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो एक टक्क्याच्या वर गेला की पिकणं मंदावतं. चार ते सहा दिवसांत माल निघतो. गडबड सहसा दोन ठिकाणी होते. हवा बदलत नाहीत म्हणून एकाच खोलीत काही क्रेट पिवळे आणि काही हिरवे निघतात. किंवा कोवळा माल भरतात, तो पिवळा होतो पण बेचव राहतो.

घरी चेंबर नाही, तरी तत्त्व तेच. फळाचे कंगोरे गोलसर झालेली, भरलेली फणी घ्या. धारदार कंगोऱ्यांची म्हणजे कोवळी, ती नीट पिकत नाही. कापल्या जागेचा चीक तुरटीच्या पाण्यात धुऊन काढा, नाहीतर सालीवर काळे डाग पडतात. पूर्ण कोरडी करून खोक्यात कागदावर एकाच थरात मांडा, मध्ये एक पिकलेलं केळं किंवा पिकलेली पपई ठेवा आणि गोणपाटानं झाका. पिकलेल्या फळातून सुटणारं इथिलीनच बाकीच्यांना पिकवतं. २४ ते ३६ तासांनी गोणपाट काढा आणि फणी मोकळ्या हवेत ठेवा. झाकूनच ठेवली तर गरम होऊन गर सुटतो. उन्हाळ्यात खोकं कूलरच्या खोलीत, भिंतीच्या कडेला, फरशीवर ठेवा. धान्याच्या कोठीत किंवा पत्र्याच्या खोलीत घातलेली केळी उकडूनच निघतात. बंद खोलीत धूर करून पिकवायची जुनी पद्धत आहे, ती सोडा. धुरातलं इथिलीन काम करतं हे खरं, पण त्याच धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि बंद खोलीत माणूस शिरला तर जीवावर बेततं.

आता कार्बाइड. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो इथिलीनसारखं काम करतो. धोका त्यातल्या आर्सेनिक आणि फॉस्फरसच्या अंशाचा. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्यानं फळ पिकवायला बंदी आहे, इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे. इथेफॉन या इथिलीन सोडणाऱ्या रसायनाच्या पाण्यात फळं बुडवणंही नियमात बसत नाही. त्यापासून सुटलेला वायू वापरायचा, द्रावण फळाला लागता कामा नये.

ओळखण्याच्या बाबतीत एक गैरसमज पक्का बसलाय: साल पिवळी आणि दांडा हिरवा म्हणजे कार्बाइड. तसं नाही. १८ अंशांवर चेंबरमध्ये नीट पिकवलेल्या केळ्याचाही दांडा हिरवाच असतो, उलट तो ताज्या मालाचा गुण आहे. त्यापेक्षा क्रेट पाहा. तळाशी राखाडी-पांढरी भुकटी किंवा पुड्या, लसणासारखा वास, आणि फळ सोललं तर साल पिवळी पण गर कडक, चवीला तुरट, असं असेल तर घेऊ नका. खात्री प्रयोगशाळेतच होते. घरच्यासाठी सगळ्यात साधा उपाय म्हणजे ओळखीच्या शेतातून हिरवी फणी आणून स्वतः पिकवणं, आणि तुम्ही तर केळीच्या गावातच राहता.

हिवाळ्यात उलटं होतं. पारा दहाच्या खाली गेला की शेतातल्या घडावर चरका (थंडीची इजा) येतो. साल नखानं सोलली तर आत तपकिरी रेषा दिसतात आणि पिकल्यावर रंग राखी-पिवळा, मळकट येतो. भाव पडतो, पण पोषणात काही कमी नाही. असा माल स्वस्तात मिळाला तर घरच्या खाण्याला जरूर घ्या.

तापीकाठ : उत्तर

सगळ्यांचे आभार. आईचा क्रिएटिनीन मागच्या महिन्यात १.० आलाय, पोटॅशियम तपासलेलं नाही, ते करून घेतो. आणखी एक विचारायचं राहिलं. निसवण झाल्यावर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर, शेतात केळफुलं तोडून टाकतात, ती ढिगानं मिळतात. त्यांची भाजी मुलीला द्यावी का?

रावेर_बागायत : उत्तर

थांबा, आधी बागेत काय दिलंय ते विचारा. फुलकिडे फळावर डाग पाडतात म्हणून आता बऱ्याच बागांत निसवणीच्या वेळी केळफुलातच सुईनं कीटकनाशक टोचतात. अशा बागेतलं केळफूल खायचं नाही, धुऊन किंवा उकळून ते औषध जात नाही. ज्यानं टोचणी केलेली नाही आणि हल्ली फवारणीही केलेली नाही, अशाच शेतकऱ्याकडून घ्या. मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबागेची (त्यानंतरची लागवड) निसवण वेगवेगळ्या महिन्यांत येते, त्यामुळे विचारपूस दर वेळी नव्यानं करावी लागते.

बिनटोचणीचं मिळालं तर वरची जाड लाल पानं काढा. प्रत्येक फुलातली कडक दांडी आणि तिच्याशेजारचं पारदर्शक पापुद्र्यासारखं पान काढून टाका, ही दोन्ही शिजत नाहीत. हाताला तेल लावा. चिरून लगेच ताकाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळं पडतं. रात्रभर भिजवून पिळलं की तुरटपणा बराच जातो. ग्रँड नैनचं केळफूल जरा जास्त तुरट, म्हणून हरभऱ्याची डाळ घालून भाजी बरी लागते. तंतू भरपूर मिळतात. लोहासाठी मात्र त्यावर भिस्त ठेवू नका, वर आहारवाल्या ताईंनी सांगितलेलं बाजरी-पेरूचंच चालू ठेवा.

घरगुती_प्रक्रिया : उत्तर

कच्च्या केळ्याच्या पिठाची कृती देते. दहा किलो हिरव्या केळ्यांचं प्रमाण आहे. साल गेली की साडेपाच ते सहा किलो गर उरतो आणि पीठ दीड ते दोन किलो निघतं. यापेक्षा जास्त निघालं तर समजा नीट वाळलेलं नाही.

केळी पूर्ण भरलेली, पण पिकायला अजिबात सुरुवात न झालेली हवीत. घड कापल्यावर २४ तासांच्या आत काम सुरू करा. उशीर झाला की स्टार्चची साखर व्हायला लागते आणि पीठ चिकट, गोडसर होतं. धुऊन, हाताला तेल लावून, पाण्याखाली धरून सोला. सुरी स्टीलचीच घ्या, लोखंडी विळीनं चकत्या काळ्या पडतात. चकती तीन-चार मिलिमीटर जाड. जाड झाली तर बाहेरून कडक आणि आतून ओली राहते, तिथेच पुढे बुरशी धरते.

चकत्या पडतील तशा लगेच सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात टाका: एक लिटर पाण्याला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. कारखान्यात रंग पांढरा राहावा म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइटही घालतात, पण दम्याच्या माणसाला सल्फाइटचा त्रास होऊ शकतो. घरच्या पिठाला ते नको, रंग थोडा मळकट आला तरी चालेल.

निथळून जाळीवर एकाच थरात पसरा. ड्रायरमध्ये ५५ ते ६० अंशांवर आठ ते दहा तास. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन ते तीन दिवस, वर पातळ मलमलचं कापड, आणि संध्याकाळी घरात. रात्री बाहेर ठेवलं की दव धरतं. चकती वाकवली आणि टचकन मोडली तर वाळली. लवली तर अजून ऊन हवं. गार झाल्यावरच दळा, गरम दळली तर डब्यात ओल सुटते. बारीक चाळणीनं चाळून हवाबंद डब्यात भरा, तीन-चार महिने चांगलं राहतं. पावसाळ्याच्या तोंडावर केलेलं पीठ हमखास गाठी धरतं, म्हणून मे संपायच्या आत उरका.

या पिठात ग्लुटेन नाही, नुसत्याची भाकरी थापताना चिरते. ज्वारीच्या तीन वाट्यांना एक वाटी हे पीठ घ्या आणि गरम पाण्यात मळा. उपासाच्या थालीपिठात राजगिऱ्याबरोबर छान जमतं.

आहार_धुळे : उत्तर

कृती उत्तम. त्यात एक जोड देते, कारण पीठ शुगरसाठी म्हणून विचारलंय. या पिठाचा गुण त्यातल्या न पचणाऱ्या स्टार्चमध्ये आहे. तो लहान आतड्यात साखर न होता मोठ्या आतड्यात जातो आणि तिथल्या जिवाणूंचं खाद्य होतो. पण ओलाव्यात ६५-७५ अंशांच्या वर तापलं की तो फुगतो आणि साध्या स्टार्चसारखा पचायला लागतो. म्हणजे भाकरी-थालीपिठात हा गुण बराचसा जातो. वाळवतानाही म्हणूनच ६० च्या वर जाऊ नका आणि चकत्या आधी उकडून घेऊ नका.

आईंना द्यायचं तर गार ताकात कालवून द्या. पहिला आठवडा एक चहाचा चमचा, मग दोन, त्रास नसेल तर हळूहळू दोन मोठे चमचे. एकदम जास्त घेतलं की पोट फुगतं, गॅस होतो. गोळ्या तशाच चालू ठेवायच्या. आणि शंभर ग्रॅम पिठात ८० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आहेत, हे विसरून भाकरीच्या जोडीला वरून थालीपीठ खाऊ नये.

वेफर या हिशेबात धरू नका. शंभर ग्रॅम केळा वेफरमध्ये पाचशेच्या वर उष्मांक आणि बरंच तेल. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस आणि खापरावरचे मांडे होणारच, त्या दिवशी आईंना अर्धी वाटी रस, साखर न घालता, आणि मांडा एकच. त्या दिवशी दुसरं फळ नको.

सातपुडा_सीताफळ : उत्तर

सीताफळ प्रश्नात आहे पण कोणी बोललं नाही. साखरेच्या बाबतीत ते केळ्याच्या बरोबरीचं आहे, १०० ग्रॅम गराला २३-२४ ग्रॅम कर्बोदकं. तंतू मात्र जास्त, चार ग्रॅमच्या वर, आणि क जीवनसत्त्व ३५ च्या आसपास. अडीचशे ग्रॅमच्या फळातून शंभर-सव्वाशे ग्रॅम गर निघतो, म्हणून आईंना अर्धं फळ, आणि त्या दिवशी केळं नाही.

फळाचे डोळे उघडून मधल्या फटी पिवळसर-पांढऱ्या दिसायला लागल्या की तोडायचं. सातपुड्यातून लवकर पैसे मिळावेत म्हणून त्याआधी तोडलेली फळं पाटीत काळी पडतात, दगडासारखी राहतात आणि घरी कितीही ठेवली तरी पिकत नाहीत.

गर उकळायचा नाही. उकळला की कडवट होतो आणि रंगही तपकिरी. बासुंदी करायची तर दूध आटवून पूर्ण गार करा, मग गर मिसळा. साठवायचा तर स्टीलच्या चमच्यानं काढा, बिया हातानं वेगळ्या करा, पाव किलो गराला एक चहाचा चमचा लिंबाचा रस घाला आणि चपट्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका, फुटलेल्या बिया विषारी असतात. अख्खी बी चुकून गिळली तर ती तशीच बाहेर पडते. उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावायची पद्धत अजून गावोगावी आहे, ती बंद करा. डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. गेलीच तर चोळू नका, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

तापीकाठ : उत्तर

फार उपयोगी माहिती मिळाली. शेवटचा प्रश्न, फ्रिजचा. केळी आणि पपई फ्रिजमध्ये ठेवावीत का?

सावदा_रायपनिंग : उत्तर

हिरवी केळी अजिबात नाही. १३ अंशांच्या खाली केळ्याला थंडी बाधते, साल काळवंडते आणि नंतर बाहेर काढलं तरी नीट पिकत नाही. पूर्ण पिकलेली ठेवली तर चालतात. साल काळी होईल, गर तीन-चार दिवस चांगला राहतो. पपईलाही हाच नियम, आधी बाहेर पूर्ण पिकू द्या, मग फ्रिज. कापायच्या आधी साल वाहत्या पाण्यात चोळून धुवा, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर गरात जाते. कापलेली पपई झाकणाच्या डब्यात ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. उन्हाळ्यात बाहेर दोन तासांच्या वर राहिलेल्या फोडी कोणालाच देऊ नका, वहिनींना तर नाहीच.